पासवर्ड मॅनेजर वापरू नका म्हणणारा तो फॉरवर्ड: एकेका मुद्द्याला उत्तर

फॅमिली ग्रुपपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड कुलूपबंद ठेवून लागतील तिथे भरणारं ॲप) वापरू नका, सगळे पासवर्ड एका जागी ठेवले की हॅकरला आयतंच सापडतं, कंपनीला तुमचे पासवर्ड दिसतात, लास्टपास नावाचं मॅनेजर ॲप हॅक झालं तेव्हा सगळ्यांचे पासवर्ड फुटले, त्यापेक्षा एक कडक पासवर्ड पाठ करा नाहीतर डायरीत लिहा, दर महिन्याला बदला, आणि ओटीपी आहेच. पाठवणारे काळजीपोटीच पाठवतात, मान्य आहे, पण यामुळे लोक जे करायला हवं नेमकं तेच सोडून देतायत म्हणून लिहितेय.

"एक कडक पासवर्ड पाठ करा"

इथूनच सुरुवात करते कारण सगळ्यात जास्त नुकसान याच सल्ल्याने होतं. हॅकर तुमचा पासवर्ड ओळखायला डोकं खाजवत बसत नाही हो, तो कुठूनतरी फुटलेली ईमेल-पासवर्डची यादी घेतो आणि प्रोग्रॅम लावून तीच जोडी मेल, शॉपिंग, इन्स्टा सगळीकडे टाकून बघतो, जिथे उघडलं तिथे आत. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीकडून ३ कोटींहून जास्त पासवर्ड चोरीला गेले आणि ते जसेच्या तसे साध्या अक्षरांत साठवलेले होते, म्हणजे तुमचा पासवर्ड ८ अक्षरी होता की २८, काही फरकच पडला नाही. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्रीअँडमी या डीएनए तपासणाऱ्या अमेरिकन कंपनीत हेच झालं, दुसरीकडे फुटलेले पासवर्ड वापरून चोर साधारण १४,००० खात्यांत घुसले, आणि त्या साइटवर नातेवाईक एकमेकांना दिसायची सोय होती म्हणून जवळपास ६९ लाख लोकांची माहिती गेली. त्यातल्या बहुतेकांची स्वतःची काहीच चूक नव्हती.

प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड, हाच यावर उपाय. पन्नास-साठ खात्यांचे वेगवेगळे पासवर्ड कोणाच्याच डोक्यात राहत नाहीत, म्हणून मॅनेजर लागतो.

"दर महिन्याला बदला"

हा सल्ला जुना झाला. तंत्रज्ञानाची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायची सक्ती करू नका, फुटल्याची शंका असेल तेव्हा बदला. २००३ मध्ये निस्टसाठी ते जुने नियम लिहिणारे बिल बर यांनीही २०१७ मध्ये म्हटलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होतो. कारण सक्ती केली की माणूस गणपती@०८ चं गणपती@०९ करतो, आणि हे चोरालाही माहीत असतं.

"कंपनीला सगळं दिसतं"

बिटवॉर्डन किंवा वनपासवर्डसारख्या मॅनेजरमध्ये तुमच्या मास्टर पासवर्डपासून (मॅनेजर उघडायचा एकमेव पासवर्ड) किल्ली तयार होते ती तुमच्याच फोनवर किंवा लॅपटॉपवर, तिजोरी, म्हणजे तुमच्या पासवर्डांचा साठा, तिथेच कुलूपबंद होते आणि सर्व्हरवर जाते ती कुलूपबंद तिजोरी. म्हणूनच मास्टर पासवर्ड विसरलात तर कंपनी तो शोधून देऊ शकत नाही, लोक याबद्दल तक्रार करतात पण कंपनीकडे तो नसतो याची खूण तीच आहे. बिटवॉर्डनचा कोड कोणालाही तपासता येतो. आणि क्लाउडच नको असेल तर कीपास आहे, त्यात फाइल तुमच्याच मशीनवर राहते, बॅकअप मात्र स्वतः सांभाळायचा.

"लास्टपास हॅक झालं"

झालं, आणि ते लपवायचं काही कारण नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये घुसखोरी झाल्याचं कंपनीने सांगितलं, आणि ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या बॅकअप कॉपी गेल्यात हे डिसेंबरमध्ये. पण "सगळ्यांचे पासवर्ड फुटले" हे खरं नाही. पासवर्ड आणि युजरनेम एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारे, होते. साइटचे पत्ते मात्र उघडे होते, हा खरंच गंभीर दोष, कारण कोणाचं खातं कुठे आहे हे चोराला कळलं. मोठा धोका कोणाला, तर ज्यांचा मास्टर पासवर्ड कमकुवत होता किंवा इतरत्रही वापरलेला होता त्यांना, आणि ज्यांची खाती इतकी जुनी की किल्ली बनवताना पासवर्डवर तेच गणित हजारो वेळा करायची (म्हणजे चोराला अंदाज लावून बघायला वेळ लागतो) जी प्रक्रिया असते ती त्यांच्याकडे फारच कमी वेळा होत होती. अशांनी आतले सगळे पासवर्ड बदलायलाच हवे होते. यातून घ्यायचं ते एवढंच की मास्टर पासवर्ड भरपूर अक्षरांचा ठेवा आणि पत्त्यांसकट सगळं एन्क्रिप्ट करणारा मॅनेजर निवडा.

"सगळं एका जागी"

ते तसंही एका जागीच असतं, तुमच्या ईमेलमध्ये! फरगॉट पासवर्ड दाबलं की लिंक तिथेच येते ना. म्हणून सगळ्यात आधी मेलचा पासवर्ड वेगळा करा. हां, फोनमध्येच व्हायरस असेल किंवा कोणाच्या सांगण्यावरून स्क्रीन शेअर केली असेल तर मॅनेजरही वाचवणार नाही, पण तेव्हा हाताने टाइप केलेला पासवर्डही जातोच.

डायरी

चारच खाती असलेल्या आजोबांनी कपाटातल्या डायरीत चार वेगळे पासवर्ड लिहिले तर मी त्यांना अजिबात अडवणार नाही, सगळीकडे एकच ठेवण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. पण डायरीला खोटी साइट ओळखता येत नाही. वीज कापणार असा मेसेज आला, लिंक उघडली, पान हुबेहूब खरं, तरी पत्त्यात एक अक्षर वेगळं असलं तर मॅनेजर पासवर्ड भरायला पुढेच येत नाही. तसं झालं की थांबा, कॉपी-पेस्ट करून जबरदस्तीने भरू नका.

ओटीपी

सगळीकडे नसतो, आणि फोनवर गोड बोलून तोच काढून घेतात. मेलला तरी ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच सतत बदलणारा कोड देणारं) किंवा पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने उघडणारी किल्ली) लावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

सुरू करताना सगळं एका दिवसात बदलायला जाऊ नका, आधी मेल, मग बँक, बाकीची खाती जेव्हा उघडाल तेव्हा. मास्टरसाठी एकमेकांशी संबंध नसलेले सहा शब्द घ्या, गाण्याची ओळ किंवा आरती नको, आणि शब्द मनाने न निवडता फासे टाकून निवडा, फाशांच्या आकड्यांवरून शब्द निवडायच्या ७,७७६ शब्दांच्या डाइसवेअर यादीतून सहा काढले तर २ वर २३ शून्यं याहून जास्त जोड्या होतात. तो मास्टर कागदावर लिहून एफडीच्या कागदांसोबत ठेवा, घरातल्या एका भरवशाच्या माणसाला जागा सांगून ठेवा, आणि मेलचे रिकव्हरी कोडही (फोन हाताशी नसताना खात्यात शिरायचे राखीव कोड) त्याच पाकिटात घाला, कारण फोन हरवला तर ऑथेंटिकेटरही त्याच्यासोबतच जातो.