मिताली राजनं नेमकं काय अडवलं?

2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला आणि कर्णधार हरमनप्रीतच्या संघानं तो मैदानावरच मिताली राज, झुलन गोस्वामी, अंजुम चोप्रा या माजी खेळाडूंच्या हाती दिला. ते काहींना खुपलं. तेव्हापासून फिरणाऱ्या एका मजकुराचा सूर असा, की मिताली संथ खेळायची, विक्रमांसाठी खेळायची, तिनं तरुण मुलींची जागा अडवली आणि ती गेल्यावरच चषक आला.

आधी ‘संथ’. 26 जून 1999, मिल्टन कीन्स, समोर आयर्लंड. सोळा वर्षांच्या मितालीचा पहिलाच वनडे आणि त्यात नाबाद 114. रेश्मा गांधी नाबाद 104, भारत बिनबाद 258. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडनं 184 धावा करून विश्वचषकाची अंतिम लढत जिंकली. 2005 च्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाला 215 धावा पुरल्या, त्याही 98 धावांनी जिंकायला. नवी मुंबईतल्या अंतिम सामन्यातल्या भारताच्या 298 धावा डोळ्यांपुढे ठेवून त्या काळाची धावगती मोजली, तर तेव्हाची जवळपास प्रत्येक फलंदाज रखडतच खेळत होती म्हणावं लागेल.

हे मात्र खरं, की तिचे काही डाव त्या काळाच्या हिशेबानंही रेंगाळलेले होते. 2017 च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाविरुद्ध 114 चेंडूंत 69, हा तसाच डाव. बघवत नव्हता. पण हा डाव पुढे करणारे तीन दिवसांनंतरचा डर्बीचा सामना गाळतात. हरलं तर घरी, अशा त्या लढतीत तिनं न्यूझीलंडविरुद्ध 109 केल्या, वेदा कृष्णमूर्तीनं शेवटी धुलाई केली, राजेश्वरी गायकवाडनं पाच बळी घेतले आणि न्यूझीलंड 79 त गारद.

‘विक्रमांसाठी खेळली’ हा आरोप सगळ्यात पोकळ. 2002 मध्ये टाँटनला, एकोणीस वर्षांची असताना, तिनं इंग्लंडविरुद्ध 214 केल्या. महिला कसोटीतला तो तेव्हाचा जागतिक उच्चांक. अशा फलंदाजाच्या वाट्याला पुढे किती कसोट्या याव्यात? अख्ख्या कारकिर्दीत 12. 2006 ते 2014 या आठ वर्षांत भारतीय महिला एकही कसोटी खेळल्या नाहीत. तिनं नकार दिला होता असं नाही, सामने ठेवलेच जात नव्हते. 12 कसोट्यांत 699 धावा, सरासरी 43.68. विक्रमांची हाव असणाऱ्यानं एवढ्या कमी संधींवर तेवीस वर्षं काढली असती का? आणि पैशांसाठी म्हणाल, तर 2005 च्या विश्वचषकात सामन्यामागे हजार रुपये मिळाले, असं तिनंच सांगितलंय. उपविजेत्या संघाला! महिला क्रिकेट बीसीसीआयकडे गेलं ते त्यानंतर, 2006 मध्ये.

जागा अडवली म्हणे. सप्टेंबर 2019 मध्ये तिनं टी-ट्वेंटी सोडलं. त्याच महिन्यात सुरतला पंधरा वर्षांची शेफाली वर्मा भारताकडून पहिला टी-ट्वेंटी सामना खेळली. शेफाली आणि रिचा घोष या दोघींचं वनडे पदार्पणही 2021 मध्ये मितालीच कर्णधार असताना झालं. नवी मुंबईतल्या अंतिम सामन्याची सामनावीर कोण? शेफाली. 2021 मध्येच, अडतिसाव्या वर्षी, मितालीनं इंग्लंडच्या दौऱ्यावर तीन वनडेंत 72, 59 आणि नाबाद 75 केल्या. शेवटचा सामना वूस्टरला तीन चेंडू राखून जिंकून दिला. मग तिनं जागा सोडायची तरी कुणासाठी? टीकाच करायची तर 2022 च्या विश्वचषकावर करा. तिथे ती थकल्यासारखी वाटली आणि संघ उपांत्य फेरीत गेला नाही. काही महिन्यांतच तिनं निवृत्ती घेतली.

राहिलं ‘ती गेल्यावरच चषक’. 2017 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात लॉर्ड्सवर 229 चा पाठलाग करताना ती 17 वर धावचीत झाली, आणि ती चूक तिचीच. पण तिच्यानंतरही पूनम राऊत आणि हरमनप्रीतमुळे भारत 3 बाद 191 पर्यंत पोचला होता. मग इंग्लंडच्या अॅन्या श्रबसोलनं डाव कापून काढला, 28 धावांत सात गडी गेले. 2018 ला टी-ट्वेंटी विश्वचषकात मितालीनं पाकिस्तान आणि आयर्लंडविरुद्ध अर्धशतकं केली. उपांत्य सामन्यात तिला बाहेर बसवलं. भारत 2 बाद 89 वरून सर्वबाद 112. 2020 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात ती नव्हती, मेलबर्नला अंतिम सामना 85 धावांनी गेला. 2023 ला नव्हती, उपांत्य फेरीत पाच धावांनी हार. 2024 ला नव्हती, संघ साखळीतच बाहेर.

ती गेल्यावर बदललं ते हे: ऑक्टोबर 2022 मध्ये पुरुषांइतकंच सामना मानधन जाहीर झालं आणि मार्च 2023 मध्ये डब्ल्यूपीएल, म्हणजे महिलांची प्रीमियर लीग, सुरू झाली.