खुलासा : कमरपट्टा आवळला म्हणून हर्निया टळत नाही

‘पट्टा घट्ट बांधा, मग कितीही वजन उचला, हर्निया होणार नाही’ हा व्हॉट्सॲपवर फिरणारा सल्ला चुकीचा आहे. हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतड्यासारखा आतला भाग बाहेर फुगणं. पट्टा कण्याला आधार देतो तो पोटातला दाब वाढवूनच. पुरुषांमध्ये हर्निया बहुधा जांघेत होतो, आणि ती कमकुवत जागा पट्ट्याच्या खाली उघडीच राहते.

खरा धोका श्वास कोंडून झटका देण्यात आहे. ५० किलोचं पोतं आधी पावलांजवळ ओढा, गुडघ्यांतून वाका, अंगाशी धरा आणि उठताना तोंडाने श्वास सोडत राहा. वळायचं तर कंबर न पिळता पावलं वळवा. शक्य तिथे दुसरा माणूस घ्याच.

जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, लघवीला लागणारा जोर यांकडे फार दुर्लक्ष होतं. रोजच्या कुंथण्यानेही तीच जागा ताणली जाते. त्यावर उपचार करा. जन्मजात कमकुवतपणा असेल, तर एवढं सांभाळूनही हर्निया होऊ शकतो.

खोकल्यावर जांघेत फुगवटा दिसला तर सर्जनला दाखवा. तो आत जाईनासा झाला, दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. दाबून आत ढकलत बसू नका.