‘एक स्टारसुद्धा जास्त झाला’: व्ही-क्रॉसच्या लेव्हलिंग किटवरच्या तक्रारीला वर्कशॉपचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री पोराने दाखवला. दोनदा वाचला, सोबतचे तीन फोटो मोठे करून बघितले, सोमवारी तुमचं जॉबकार्ड शोधून काढलं आणि आज लिहायला बसलोय. फोनवर बोललो असतो, पण तुम्ही चारचौघांत लिहिलंय तर उत्तरही चारचौघांतच द्यावं. शिवाय नाशिककडचे बरेच पिकअपवाले हे पान वाचून आमच्याकडे येतात, त्यांनाही कळू दे.

ज्यांनी मूळ तक्रार वाचली नाही त्यांच्यासाठी: दादांच्या इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस पिकअपला आम्ही ऑगस्टमध्ये पुढे दोन इंचाचं लेव्हलिंग किट बसवलं, म्हणजे खाली झुकलेलं नाक उचलून गाडी सपाट उभी करणारं किट. त्यांचं म्हणणं असं की तीन हजार किलोमीटरमध्ये पुढचे टायर आतल्या कडेने खाल्ले गेले, रात्री समोरचा प्रत्येक जण डिपर मारतो, स्पीडब्रेकरवर खालून करकर येते, अॅव्हरेज बारावरून दहावर आलं, आणि तक्रार घेऊन आले तेव्हा आमच्या वर्कशॉपमधल्या पोराने ‘उंच केलेली गाडी आहे, एवढं चालायचंच’ म्हणून वाटेला लावलं.

शेवटचं आधी घेतो. त्या दिवशी मी गावाला होतो. पोराला विचारलं, त्याने कबूल केलं. गाडी रॅम्पवर न घेता नुसतं वाकून बघितलं आणि असं बोलला. माफी मागतो. त्याच्या वतीने नाही, माझ्या वतीने. मी नसताना तक्रारीची गाडी कोणी बघायची हे मी कधी ठरवूनच दिलं नव्हतं.

आता करकर. ही आमची चूक आहे, आणि गाडी न बघता सांगतो. चाकाला खालून धरणारा दांडा म्हणजे लोअर आर्म. तो गाडीला जिथे जोडलेला असतो तिथल्या बुशमध्ये आतली नळी, बाहेरची नळी आणि दोन्हींना चिकटलेलं रबर असतं. किट बसवताना स्ट्रट (स्प्रिंगसकट शॉकअप) बाहेर काढायला जागा हवी म्हणून आम्ही या बुशमधून जाणारे बोल्ट ढिले करतो. गाडी जॅकवर असते, चाक खाली लोंबकळत असतं. त्याच अवस्थेत बोल्ट पक्का आवळला की आतली नळी तिथेच जखडते. मग गाडी जमिनीवर आली, आर्म वर गेला, की रबराला जो पीळ बसतो तो कायमचा. सरळ रस्त्यावरही ते बिचारं पिळलेलंच. आवाज करतं, गाडी कडक चालते आणि बुश वेळेआधी फाटतो. म्हणून शेवटचा आवळ गाडी चाकांवर उभी करून, टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) द्यायचा. आमच्या जॉबकार्डावर त्यासाठी ‘वजनावर आवळले’ असा वेगळा रकाना आहे. तुमच्या कार्डावर त्यात टिक नाही. त्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला गाडी दिली आहे, म्हणजे घाई झाली. दोन्ही बाजूंचे बुश नवीन टाकून देतो, खर्च आमचा.

टायरचं प्रकरण इतकं सरळ नाही. तुमचा पहिला फोटो चांगला आला आहे. आतल्या दोन ओळी जवळजवळ सपाट, बाहेरच्या अजून उभ्या. घरी एक करून बघा. टायरच्या नक्षीवरून तळहात आतून बाहेर फिरवा, मग बाहेरून आत. बाहेरून आत येताना करवतीसारखं लागलं, तर पुढची दोन्ही चाकं तोंडं बाहेर करून चालली आहेत. माझा अंदाज तोच आहे. पुढचं उचललं की टाय-रॉडचे (स्टिअरिंगपासून चाकांना जाणाऱ्या दांड्यांचे) कोन बदलतात आणि टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते माप, जागचा हलतो. म्हणून किटनंतर अलाइनमेंट करावंच लागतं. ते आम्ही केलं, त्याचे बाराशे बिलात वेगळे लावले, तेही तुम्हाला खटकलंय. पण ते काम सोडता येत नाही आणि आम्ही ते फुकट करत नाही, हे इथेच सांगून टाकतो.

मात्र पाचशे ते हजार किलोमीटरनंतर गाडी परत आणायची असते. सगळं नव्या कोनात बसलेलं असतं, बोल्ट तपासायचे, टो पुन्हा बघायचा. हे बिलाच्या मागे छापलंय. बिलाची मागची बाजू कोण वाचतं? मीही वाचत नाही. तोंडी सांगायला हवं होतं, एक फोन करायला हवा होता. दोन्ही झालं नाही.

पण त्याच फोटोत टायरच्या कडेवर २६५/६५ आर १८ वाचता येतंय. आमच्याकडून गाडी गेली तेव्हा तिला कंपनीचे २५५/६० होते. म्हणजे हे नंतर, दुसरीकडे टाकले. तिथे अलाइनमेंट केलं असेल, तर आमचं मोजमाप तेव्हाच पुसलं गेलं. नसेल केलं, तर नवे टायर आमच्या जुन्या मापावर चालले. त्यामुळे टायरचा पूर्ण दोष मी अंगावर घेत नाही, पूर्ण झटकतही नाही. पुढच्या दोन टायरची अर्धी किंमत देतो.

अॅव्हरेजचा थोडा हिशोब इथेच निघतो. तुमचा नवा टायर जुन्यापेक्षा उंचीने सुमारे ५ टक्के मोठा आहे. गाडी खरी १०५ किलोमीटर पळते तेव्हा मीटर १०० दाखवतो. बारातला अर्ध्या किलोमीटरहून थोडा जास्त तिथेच गेला, डिझेल न जळता. बाकी जड टायर, आणि खाली लिहिलंय ते. गाडी दोन इंच उचलणाऱ्या स्पेसरने (किटमधल्या चकतीने) अॅव्हरेजमध्ये दोनचा फरक पडत नाही. एवढं एक तुमचं म्हणणं मला मान्य नाही.

खरी गोष्ट तुमच्या तिसऱ्या फोटोत आहे.

गाडी मार्केटबाहेर उभी आहे, मागे टमाट्याचे क्रेट. दिसतायत तेवढे मोजले, चोवीस. क्रेटला वीस किलो धरले तर पावणेपाचशे किलोच्या आसपास. (आरसीवर काय लिहिलंय त्यात मी पडत नाही.) मागचं चाक मडगार्डच्या आत शिरलंय आणि बोनेट आभाळाकडे. गाडीने मान वर केली आहे.

व्ही-क्रॉस काय किंवा दुसरी पिकअप काय, रिकामी असताना नाक खाली, मागचं बूड वर अशी उभी राहते. पोरांना ते आवडत नाही. पण कंपनीने ते मुद्दाम ठेवलेलं असतं. मागे पाटे आहेत, माल भरला की ते बसतात आणि गाडी सपाट होते. तुमच्या गाडीचं हबपासून (चाकाच्या मध्यापासून) मडगार्डपर्यंतचं माप आम्ही घेतलं तेव्हा पुढचं मागच्यापेक्षा ४४ मिमी कमी होतं. शॉकअपच्या डोक्यावर साधारण एक इंचाचा अॅल्युमिनियमचा स्पेसर बसवला. आर्मच्या तरफेमुळे त्याचे चाकापाशी जवळपास दुप्पट होतात. पुढचं ४२ मिमी वर आलं. रिकामी गाडी एकदम सरळ, देखणी. तुम्हीही खूश होतात, तेव्हाचा फोटो आमच्याकडे आहे. पण कंपनीने मालासाठी राखून ठेवलेला उतार आम्ही काढून घेतला. आता चोवीस क्रेट भरले की मागचं खाली जातं आणि पुढचं वर उरतं.

डिपरचं कारण हेच. व्ही-क्रॉसचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ३०९५ मिमी. पुढचं ४२ मिमी उचललं, किंवा मालाने मागचं तेवढंच बसलं, की हेडलाइटचा झोत दर दहा मीटरला तेरा-चौदा सेंटीमीटर वर जातो. लो बीमला खाली उतार दिलेला असतो तोच मुळात दहा मीटरला दहा-पंधरा सेंटीमीटरचा. म्हणजे सगळा उतार संपला. किट बसवल्यावर आम्ही लाइट खाली घेतले होते, कार्डावर टिक आहे. पण भिंतीसमोर, रिकाम्या गाडीवर. माल भरल्यावर झोत पुन्हा समोरच्याच्या डोळ्यात. वणीच्या रस्त्याला पहाटे समोरून येणारा शिव्या घालत असेल, त्याचं बरोबर आहे.

टायरलाही हेच लागू. रिकाम्या गाडीवर बसवलेला टो भरलेल्या गाडीवर तसाच राहत नाही. शिवाय पुढच्या चाकांवरचं वजन हलकं होतं, स्टिअरिंग सोडल्यावर ते पहिल्यासारखं आपोआप सरळ येत नाही. घाटात तुम्हाला ते जाणवलं असणार, तुम्ही लिहिलं नाही एवढंच.

कार्डावर ‘वापर’ या ओळीत आमच्या पोराने लिहिलंय: ‘फिरायला, शनि-रवि.’ तुम्ही तसं सांगितलं असेल, किंवा त्याने स्वतःच ठरवलं असेल. सहा महिन्यांनी यावर वाद घालण्यात अर्थ नाही. दिंडोरी तालुक्यातला पत्ता, टमाट्याच्या हंगामाचा ऑगस्ट महिना, मागे ताडपत्रीचे हूक. एवढं दिसत असताना ‘दादा, माल भरता का?’ हा एक प्रश्न मी स्वतः विचारायला हवा होता. विचारला असता तर दोन इंचाला नाही म्हटलं असतं. पूर्वी म्हटलंय लोकांना, दोन-तीन जण चिडून दुसरीकडे गेलेही.



आता पुढे काय. माझ्या मते दोन रस्ते आहेत. एक, किट पूर्ण काढायचं. काढायची मजुरी नाही, किटचे पैसे परत, अलाइनमेंट आमच्याकडून. दुसरा, दोन इंचाऐवजी एक इंच उचलणारा पातळ स्पेसर टाकायचा, म्हणजे नाक थोडं खालीच राहील आणि माल भरल्यावर गाडी फार मान वर करणार नाही. दिसायला मधलंच काहीतरी दिसेल, हे आधीच सांगतो. काही जण सुचवतील की मागे एक पाटा वाढवा, मागचं वर येईल. येईल, पण मग रिकामी गाडी खड्ड्यात घोड्यासारखी उसळेल, आणि घरची माणसं मागच्या सीटवर बसणार नाहीत. मी ते सुचवणार नाही.

स्टार वाढवा असं म्हणत नाही. काम झाल्यावर तुम्हाला काय वाटतं तेच लिहा.

बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी नऊला या, मी स्वतः असेन. नव्या टायरचं बिल बरोबर असू द्या. आणि एक, गाडी धुऊन रिकामी करून आणू नका. मार्केटला जाताना जशी असते तशी, क्रेट भरून आणा. या वेळी माप त्यावर घ्यायचं आहे.