मोटर, अल्टरनेटर आणि 'फुकटची' वीज

ग्रुपाग्रुपांतून एक व्हिडिओ फिरतोय. लोखंडी चौकटीवर एक अश्वशक्तीची मोटर, पट्ट्याने जोडलेलं जड चाक, पुढे अल्टरनेटर, म्हणजे फिरवला की वीज तयार करणारं यंत्र. मोटर घरच्या विजेवर सुरू करतात, मग तिचा प्लग काढून अल्टरनेटरच्या सॉकेटमध्ये खुपसतात. मोटर चालूच, वर दहा बल्बही पेटलेले. खाली लिहिलंय, 'आता बिल शून्य!'

दावा पहिला: अल्टरनेटर मोटरला पुरून उरेल इतकी वीज देतो. अशा छोट्या मोटरची कार्यक्षमता 80 टक्के धरू, अल्टरनेटरचीही तेवढीच. म्हणजे 100 वॅट घातले की 64 हाती येणार. बाकीचे 36 कुठे गेले, ते मोटरवर हात ठेवला की कळतं. वाइंडिंगच्या म्हणजे गुंडाळलेल्या तारांच्या तांब्यात, सेकंदाला 50 आवर्तनांनी चुंबकत्व उलटसुलट होणाऱ्या लोखंडी गाभ्यात, बेअरिंगमध्ये, घसरणाऱ्या पट्ट्यात त्यांची उष्णता झाली. ती बाहेर फेकणारा पंखाही शेवटी त्याच मोटरच्या जिवावर फिरतो.

'भारी माल वापरला तर?' तोटा घटेल. वीजकेंद्रातले मोठे जनरेटर 98 टक्क्यांच्या पुढे जातात. पण चला, तोटा शून्यच धरू. 100 दिले, 100 परत आले, ते सगळे मोटरने खाल्ले. बल्ब कशावर पेटले? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

दावा दुसरा: जड चाक शक्ती वाढवतं. ते फक्त साठवतं, तेही मोटरने दिलेलंच. 20 किलोची, 40 सेंटिमीटर व्यासाची भरीव चकती मिनिटाला 1500 फेऱ्यांनी फिरत असेल, तर तिच्यात सुमारे 5000 जूल ऊर्जा असते (एक वॅट सेकंदभर वापरला की एक जूल). हजार वॅटचा लोड टाका, पाच सेकंदांत चाक थंड!

दावा तिसरा: कंपन्या हा शोध दडपतात. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने 1775 सालीच असल्या, आपल्याच जोरावर कायम चालणाऱ्या यंत्रांचे प्रस्ताव तपासणं बंद केलं. तेव्हा कुठल्या वीज कंपन्या होत्या? आपल्याकडे घाटघरला 250 मेगावॅटचा प्रकल्प आहे. मागणी कमी असताना पाणी वर चढवायचं, गरजेला खाली सोडून वीज करायची. चढवायला लागते त्याहून कमीच वीज परत मिळते, तरी परवडतं, कारण ती हव्या त्या वेळी मिळते. पट्टा आणि चाकाने भागलं असतं तर डोंगर कोण पोखरत बसलं असतं?

राहिले ते दहा बल्ब. नऊ वॅटचे एलईडी असतील तर सगळे मिळून 90 वॅट. चौकटीत लपवलेली बॅटरी तेवढं सहज पुरवते. विकणाऱ्याला म्हणावं, यावर दोन हजार वॅटचा गीझर तासभर चालवून दाखव, आणि आधी चौकट उचलून खालून बघू दे.