कुऱ्हाडीआधी खडू

पॅरिसच्या नोत्र दाम चर्चच्या नव्या लाकडी छपरावरचा तुमचा लेख आवडला. ओक, कुऱ्हाडी, हाताने तासलेल्या तुळया, सगळं आलंय. पण ज्यावर हे उभं राहतं ते 'त्रे', म्हणजे सुतारांचं रेखाटन, एका ओळीत उरकलंत! युनेस्कोने 2009 साली वारसा यादीत घेतली ती हीच विद्या.

एक साधं उदाहरण देतो. दोन पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, जिथे मिळतात तिथला कोपऱ्यातला वासा घ्या. वरून पाहिलं तर तो दोन्ही बाजूंनी 3-3 मीटर आत जातो, म्हणजे नकाशात 4.24 मीटर. छपराची उंची 3 मीटर. वाशाची खरी लांबी मात्र 5.20 मीटर, आणि ती ना नकाशात दिसते ना समोरच्या चित्रात. फ्रेंच सुतार आकडेमोड करत नाही. नकाशातल्या रेषेला काटकोनात उंची काढतो, टोकं जोडतो, झाली खरी लांबी. हे सगळं जमिनीवर, खऱ्या मापात. मग लाकूड त्या रेषांवर मांडून ओळंब्याने, म्हणजे दोरीला लटकवलेल्या वजनाने, सांध्याच्या खुणा घ्यायच्या. लाकूड वाकडं असलं तरी चालतं, गंमत तीच आहे.

शिकाऊ कारागीर याच विद्येवर छोट्या छपरांच्या प्रतिकृती करतात. वक्र घुमट, पिळदार वासे, एकमेकांत घुसलेली पाखी, मुद्दाम अवघड! फ्रान्समधल्या तूर शहरातल्या कारागीर-संघांच्या संग्रहालयात अशा पुष्कळ आहेत. मी फक्त फोटो पाहिलेत, तरी एकेका सांध्यावर नजर अडकते.

पुढचा लेख यावरच लिहा की!