घरी आलेल्या सिनेमाची भाषा

29 जून 2023 रोजी आषाढी एकादशी होती. अमळनेरला आमच्या घरी आईचा उपास होता आणि इथे स्टुटगार्टमध्ये मी कामावरून लवकर निघून चित्रपटगृहाच्या रांगेत उभा होतो, कारण त्याच दिवशी भारतात आणि जर्मनीत 'इंडियाना जोन्स' मालिकेतला पाचवा चित्रपट प्रदर्शित झाला. फेल्टची टोपी घालणारा, हातात चाबूक बाळगणारा हा पुरातत्त्वाचा प्राध्यापक 1981 मध्ये प्रथम पडद्यावर आला. पुढचे दोन भाग 1984 आणि 1989 मध्ये आले, चौथ्यासाठी प्रेक्षकांना 19 वर्षे थांबावे लागले आणि पाचव्यासाठी आणखी 15. नायकाची भूमिका करणारे हॅरिसन फोर्ड तोवर 80 वर्षांचे झाले होते.

मी तो चित्रपट जर्मनमध्ये पाहिला. इथे ही गोष्ट इतकी स्वाभाविक आहे की तिच्याबद्दल कोणी बोलतही नाही. वोल्फगांग पाम्पेल हे अभिनेते कित्येक दशके फोर्ड यांचा जर्मन आवाज आहेत आणि इथल्या प्रेक्षकांच्या दोन पिढ्यांना फोर्ड यांचा आवाज म्हणजे पाम्पेल यांचाच आवाज वाटतो. भारतात तोच चित्रपट इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूमध्ये लागला. मराठीत लागला नाही. डिसेंबरमध्ये तो ओटीटीवर आल्यावर आईने भाच्याला शेजारी बसवून हिंदीत पाहिला आणि दुसऱ्या दिवशी मला फोनवर अहिराणीत, म्हणजे आमच्या खान्देशी बोलीत, विचारले, "ते घड्याळनामायक काय व्हतं रे भाऊ, त्याना मांगे इतला लोके काबर पयेत?" (ते घड्याळासारखे काय होते, त्याच्यामागे इतके लोक का पळत होते?) सबंध कथा ज्या यंत्राभोवती फिरते ते यंत्रच तिच्या हाती लागले नव्हते.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी अमळनेरला गेलो असताना याच विषयावर मित्रांमध्ये मोठा वाद झाला. एकाचे म्हणणे असे होते की हॉलिवूडचे चित्रपट मराठीत आले तर मराठी चित्रपटाचे उरलेसुरले पडदेही जातील. तो हौशी रंगभूमीवर काम करतो आणि त्याचे म्हणणे मी हलक्यात घेत नाही. मराठी चित्रपटाला मल्टिप्लेक्समध्ये प्राइम टाइमचा खेळ मिळावा यासाठी 2015 मध्ये राज्य सरकारला निर्णय घ्यावा लागला. ज्या भाषेच्या चित्रपटाला स्वतःच्या राज्यात संध्याकाळच्या खेळासाठी सरकारी आदेशाचा आधार घ्यावा लागतो, त्या भाषेत कोट्यवधी डॉलर खर्चून काढलेला परदेशी चित्रपट उतरला, तर काय होईल ही भीती रास्त आहे. कन्नडमध्ये याच भीतीपोटी अनेक दशके डबिंगवर अघोषित बंदी होती आणि अखेर 2015 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने ती स्पर्धाविरोधी ठरवली. त्यानंतर 2022 च्या डिसेंबरात 'अवतार'चा दुसरा भाग, तोही 13 वर्षांच्या प्रतीक्षेनंतरचा, कन्नड आणि मल्याळममध्येही प्रदर्शित झाला. त्या यादीतही मराठी नव्हती.

माझे म्हणणे या वादात थोडे वेगळे आहे आणि परदेशात राहिल्यामुळेच ते मला सुचले, असे मला वाटते. चित्रपटगृहातले प्रदर्शन आणि घरी येणारी आवृत्ती या दोन गोष्टी आपण एकच धरून भांडतो. चित्रपटगृहात पडदे मोजके असतात, खेळ मोजके असतात आणि एकाला दिलेला खेळ दुसऱ्याकडून काढून घ्यावा लागतो. घरच्या आवृत्तीत असे काहीच नसते. साध्या डीव्हीडीच्या तंत्रातही एका चित्रपटाबरोबर 8 ध्वनिपट्ट्या आणि 32 भाषांची उपशीर्षके बसवण्याची सोय आहे, आणि ओटीटीवर तर ती मर्यादाही उरलेली नाही. तिथे मराठी ऑडिओ दिल्याने कुठल्याही मराठी चित्रपटाचा एकही खेळ कमी होत नाही. म्हणून मराठीची मागणी पहिल्यांदा तिथे करावी, तिकीटखिडकीवर नव्हे. माझ्या मित्राला मी हे सांगितले तेव्हा त्याने बराच वेळ विचार केला आणि मग विचारले की असा आवाज देण्याचे काम जळगाव-धुळ्याच्या नटांना मिळेल का. त्याचा हा प्रश्न मला सगळ्या वादापेक्षा महत्त्वाचा वाटला. पाम्पेल यांच्यासारख्या नटाला या व्यवसायात कित्येक दशके काम मिळते. आपल्याकडे नाटकात उत्तम आवाज कमावलेले कितीतरी नट नोकरी सांभाळून वर्षाला दोन स्पर्धा करण्यापलीकडे जाऊ शकत नाहीत.

दुसरा आक्षेप असा की खान्देशात हिंदी सगळ्यांना कळते, मग मराठीचा आग्रह कशाला? सीमेपलीकडे मध्य प्रदेश आहे, बाजारात आणि रेल्वेत हिंदी रोज कानांवर पडते, हे खरेच आहे. पण जर्मनीतही इंग्रजी असंख्य लोकांना उत्तम येते आणि तरीही ते चित्रपट जर्मनमध्ये पाहतात. भाषा कळणे आणि भाषेत रमणे यांत अंतर आहे, आणि माझ्या आईला त्या यंत्राचा अर्थ लागला नाही तो याच अंतरामुळे. संख्येचा प्रश्न तर मुळीच नाही. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे 8.3 कोटी लोक होते, म्हणजे तेलुगूपेक्षा आणि तमिळपेक्षा अधिक. एक कोटीच्या आसपास लोकसंख्या असलेल्या चेक प्रजासत्ताकात डबिंगची जुनी आणि अभिमानाने जपलेली परंपरा आहे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा इथल्या मराठी मंडळींनी पेढे वाटले आणि मीही त्यांत होतो. त्या आनंदाबरोबर ही साधी मागणीही जायला हवी होती, असे मला तेव्हाच वाटले.

डबिंगचे धोके मला जर्मनीतच कळले, तेही सांगायला हवेत. 1952 मध्ये 'कासाब्लांका' हा अमेरिकी चित्रपट जर्मनमध्ये आला, तेव्हा त्यातले नाझी जवळजवळ पूर्णपणे काढून टाकले गेले. सुमारे 25 मिनिटांचा भाग कापला आणि भूमिगत चळवळीचा नेता असलेले पात्र नॉर्वेजियन शास्त्रज्ञ बनवले. खरी कथा जर्मन प्रेक्षकांना 1975 मध्ये नव्या डबिंगसह पाहायला मिळाली. जी मालिका नाझींना खलनायक म्हणून पुन्हा पुन्हा उभे करते ती जर्मन आवाजात ऐकताना मला हे नेहमी आठवते. भाषांतर करणारा माणूस कथा बदलू शकतो. पण मूळ इंग्रजी आवाज एका बटणावर असेल, तर तुलना करणारा प्रेक्षकही घरीच तयार होतो, आणि हा घरच्या आवृत्तीचा दुसरा मोठा लाभ आहे.

आपल्याबाबतीत तर मूळ चित्रपटानेच चूक केल्याचे उदाहरण आहे. 1984 चा दुसरा भाग भारतात घडतो. पटकथा वाचून भारत सरकारने चित्रीकरणाला परवानगी नाकारली, म्हणून तो श्रीलंकेत कँडीजवळ चित्रित झाला, आणि त्यातले भारतीय गावकरी सिंहली बोलतात. अमरीश पुरी यांचा खलनायक मोलाराम जगभर लक्षात राहिला, पण मेजवानीत माकडाचा मेंदू वाढला जाण्याचे दृश्यही लक्षात राहिले, आणि इथे आल्यावर पहिल्या वर्षी मला एका सहकाऱ्याने त्याबद्दल खरोखरच विचारले होते. जर्मन प्रेक्षकाला सिंहली आणि मराठी यांत फरक कळणार नाही. मराठी ऑडिओ करणाऱ्या लेखकाला मात्र तो कळेल आणि त्या गावकऱ्यांना कोणती बोली द्यावी याचा त्याला विचार करावा लागेल. हा विचार कोणीतरी गंभीरपणे करावा, असे मला फार वाटते.

शब्दांचीही आपल्याकडे वाण नाही. पाचव्या भागातले यंत्र आर्किमिडीजने बनवल्याची कल्पना केली आहे. तिच्यामागे 1901 मध्ये ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ समुद्रातून वर आलेले खरे दातेरी यंत्र आहे. आपल्याकडे चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या मंदिरात तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी'त यंत्रांवर स्वतंत्र अध्याय लिहिला आणि त्यात फलकयंत्राचे, म्हणजे आकाशाकडे पाहून वेळ काढायच्या फळीसारख्या साधनाचे, वर्णन केले. पाटणादेवीला शाळेच्या सहलीत जाऊन आलेल्या मुलाला 'यंत्र' या शब्दातच त्या कथेचा अर्धा अर्थ सापडेल.

आमच्या अमळनेरला साने गुरुजी शिक्षक होते. त्यांनी तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात तमिळ शिकून 'कुरल' हा प्राचीन तमिळ नीतिग्रंथ मराठीत आणला. ज्या गावात एवढी मोठी अनुवादाची ओढ होऊन गेली, त्या गावात आज परदेशी चित्रपट तमिळमध्ये मिळतो आणि मराठीत मिळत नाही, हे मला मनापासून लागते.

खरे तर या मालिकेचे पहिले डबिंग मी आमच्या गल्लीतच ऐकले. गणपतीत भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर पहिला भाग लागला होता आणि धुळ्याला कॉलेजात शिकणारा माझा आतेभाऊ टीव्हीशेजारी उभा राहून प्रत्येक प्रसंग अहिराणीत सांगत होता. "हाऊ कोन्हाले घाबरत नई, पन सापले घाबरस," हे त्याचे वाक्य आमच्या घरात अजून बोलले जाते. 2008 चा चौथा भाग डीव्हीडीवर आला, तेव्हा मी तो इथून कौतुकाने घरी नेला. पण डीव्हीडी ठरावीक विभागाच्या प्लेअरवरच चालते; युरोपचा विभाग क्रमांक 2 आणि भारताचा 5, त्यामुळे घरच्या प्लेअरने ती तबकडी घेतलीच नाही. या वेळी मी लॅपटॉप बरोबर नेणार आहे. पाचव्या भागाची तबकडी घेऊन ठेवली आहे. आईला उन्हाळ्यात गच्चीवर बसायला आवडते, तेव्हा ऊन उतरल्यावर तिथेच लावू. इंग्रजी आवाज बारीक करून मी शेजारी बसेन आणि ते यंत्र काय आहे, हे तिला पहिल्यापासून सांगेन.