अर्धा इंची पाइपने प्रेशर वाढत नाही

गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या गटांत उन्हाळा आला की एक संदेश फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: “बागेला पाऊण इंची पाइप घेऊ नका, अर्धा इंची घ्या, प्रेशर दुप्पट होतं. पुढे सात-आठ धारांची गन लावा, निम्म्या पाण्यात काम होतं. गन बंद केली की नळ चालूच राहू द्या, पाइप तिथेच पडू द्या. जोड गळाला तर टेफ्लॉन टेप, पाइप फुटला तर इपॉक्सी पुट्टी. गन चोंदली तर रात्रभर टॉयलेट क्लीनरमध्ये बुडवा.” यातली एकच गोष्ट अर्धी खरी आहे. ती कोणती ते ओघात येईलच.

“अर्धा इंची पाइप, दुप्पट प्रेशर”

पाइप प्रेशर तयार करत नाही. ते टाकीच्या उंचीतून येतं. 10 मीटर उभं पाणी म्हणजे साधारण 1 किलो प्रेशर (दर चौरस सेंटिमीटरवर). गच्चीवरच्या टाकीचा तळ दीड मीटरवर, नळ गुडघ्याएवढ्या उंचीवर आणि टाकीत अर्धा मीटर पाणी असेल, तर नळाला मिळते दीड मीटरची उंची, म्हणजे 0.15 किलो. अशाच टाकीचं पाणी दुमजली बंगल्याच्या अंगणात 0.7-0.8 किलोने येतं आणि सात मजली सोसायटीच्या तळमजल्यावर 2 किलोच्या वर जातं. संदेश वाचून डोळ्यांसमोर येणारी चाबकासारखी धार अशा तळमजल्यावरच्या नळाला निघेलही. टाकीच्या शेजारी उभं राहून तिची अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

आता या दीड मीटरचं पाइपात काय होतं ते पाहा. आतून 12.5 मिलिमीटर असलेल्या अर्धा इंची पाइपातून मिनिटाला 10 लिटर पाणी न्यायचं, तर 15 मीटर लांबीत सुमारे 3 मीटर उंचीइतका जोर नुसत्या घर्षणात जातो. हाताशी आहे दीड मीटर. म्हणजे 10 लिटर कधीच येणार नाहीत, फार तर साडेसहा-सात येतील. तेच 10 लिटर 19 मिलिमीटरच्या पाऊण इंची पाइपातून नेले तर नुकसान 40-45 सेंटिमीटरचं. व्यास दीडपट झाला की घर्षण सात-आठपटीने उतरतं.

“पण तोंडाशी बोट लावलं की धार लांब जाते, ते कसं?” हा प्रश्न रास्त आहे. बोटाने तोंड अडवलं की पाणी कमी वाहतं. ते कमी वाहिलं की पाइपातलं घर्षण घटतं आणि टाकीचा उरलेला जोर तोंडाशी येऊन वेग होतो. जोर नवा नाही, वाटेत खर्च होणारा वाचला एवढंच. अर्धा इंची पाइप मात्र तोंडाशी नाही, पूर्ण 15 मीटरभर अडवतो आणि तो जोर परत मिळत नाही. जागा निमुळती करायचीच तर अगदी शेवटी करावी.

विश्वास बसत नसेल तर बादली आणि मोबाइलचं घड्याळ घ्या. 10 लिटरची बादली आधी थेट नळाखाली भरा, मग पाइप लावून. पाइपने दुप्पट वेळ घेतला तर दोष पाइपाचा. दोन्ही वेळा सारखेच सेकंद लागले तर नळच चोंदला आहे किंवा टाकी खूप खाली आहे. पाइप बदलून उपयोग नाही.

पाऊण इंचीचा एक तोटा मान्य करायला हवा. तो भरला की जड होतो: 15 मीटरात सव्वाचार लिटर पाणी मावतं, अर्धा इंचीत पावणेदोन-दोन. म्हणून लांबी आखडती घ्या. सगळ्यात लांबच्या कुंडीपर्यंतचं अंतर अधिक एक-दीड मीटर, बस. 30 मीटरचं अख्खं बंडल स्वस्त पडतं म्हणून आणलं तर घर्षणही दुप्पट विकत घेतलं.

घेताना आत धाग्याची जाळी असलेला पाइप घ्या. एकपदरी हिरवा पाइप कोपऱ्यावर दुमडतो आणि त्या घडीवरच पुढे चिरतो. दुकानात हातभर तुकडा वाकवून बघा: घडी न पडता गोल फिरला पाहिजे. पारदर्शक पाइप टाळा. उजेड आत जातो, शेवाळ धरतं आणि सुटलेले पापुद्रे थेट झारीच्या छिद्रांत बसतात. पाणी भरताच तिप्पट लांब होणारा “मॅजिक पाइप” तर गच्चीवर निव्वळ शोभेचा. आतली रबरी नळी फुगवण्याइतका जोर टाकीशेजारच्या नळाला नसतो, त्यामुळे तो आखडलेलाच राहतो.

“गन लावा, पाणी निम्मं लागेल”

अर्धं खरं ते हे. गन पाणी वाचवते, पण जोरदार धारेमुळे नाही, खटका सोडला की बंद होते म्हणून. हिशेब सोपा आहे: 40 कुंड्या, एकीकडून दुसरीकडे जायला 5 सेकंद, म्हणजे 200 सेकंद. मिनिटाला 20 लिटर वाहत असतील तर जवळपास 67 लिटर फरशीवर. हे काम पाइपाच्या टोकाला लावलेला साधा बॉल व्हॉल्व्ह (दांडी फिरवून उघड-बंद होणारी तोटी) हाही करतो, आणि कमी प्रेशरला तो गनपेक्षा बरा. त्याची वाट पूर्ण मोकळी असते. गनच्या आतल्या अरुंद वाटा 2 किलोच्या वर चांगल्या चालतात, 0.15 किलोला “मिस्ट”वर फिरवली की धुकं नाही, थेंब टपकतात. गच्चीसाठी बॉल व्हॉल्व्ह, त्यापुढे हातभर दांडी आणि तिला मोठ्या तोंडाची झारी, एवढं पुरे.

प्रेशर असेल तरी सुईसारखी धार कुंडीत मारू नये. माती उडते, मुळं उघडी पडतात, वरचा थर दबून घट्ट होतो आणि पाणी कडेने थेट खालच्या भोकातून निघून जातं. रोपांना झारीची छिद्रं वरच्या बाजूला करावीत, म्हणजे पाणी उडून पावसासारखं पडतं. जोरदार धारेचं खरं काम वेगळंच: जास्वंदीच्या पानांमागचा पिठ्या ढेकूण आणि मावा झाडणं. दुसऱ्या हाताचा तळवा पानामागे धरून मारा, नाहीतर कोवळी फांदीच मोडते.

“गन बंद केली की नळ चालू राहू द्या”

संदेशातला सगळ्यात महाग सल्ला. उन्हात पीव्हीसीचा पाइप मऊ होतो आणि नळाचा सगळा जोर दिवसभर त्याच मऊ भिंतीवर राहतो. जोडाजवळ फुगवटा येतो, मग एक दिवस खटक्याचा (दाबून अडकवायचा) जोड सुटून उडतो. घरी प्रेशर पंप असेल तर आणखी एक उपद्रव. बंद गनमधून थेंब-थेंब गळत असलं तरी पंप दर थोड्या वेळाने सुरू होऊन बंद पडतो, आणि त्याचा प्रेशर स्विच त्यातच जातो.

आधी नळ बंद, मग गनचा खटका दाबून उरलेलं पाणी कुंडीत. दुपारी पाइप उन्हात राहिलाच असेल तर पहिलं चार-पाच लिटर पाणी बादलीत काढा, निवलं की वापरा. ते कढत पाणी मिरचीच्या रोपावर पडलं तर पानं होरपळतात. पाइप खिळ्यावर टांगू नका, वजनाने तिथेच घडी पडते. जुनी बादली भिंतीला आडवी ठोका किंवा गाडीची जुनी रिम लावा आणि त्यावर मोठी वेटोळी घाला.

चालू नळाशी जोडलेल्या पाइपाचं टोक जीवामृताच्या (शेण-गोमूत्राच्या द्रवखताच्या) ड्रममध्ये बुडवून सोडणं याहून वाईट. नळ थेट पालिकेच्या लाइनवर असेल आणि पाणी गेलं, तर रिकामी होणारी लाइन ड्रममधलं द्रावण मागे ओढते. ते पुढे कुणाच्या हंड्यात जाईल सांगता येत नाही. टोक ड्रमच्या काठाच्या वर बांधा आणि नळाशी एनआरव्ही, म्हणजे पाणी मागे न जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवा.

“टेफ्लॉन टेप आणि पुट्टी”

पाइपाची फिरकी नळावर बसते तिथे पाणी आटे अडवत नाहीत, आतला वायसर अडवतो. वायसर कडक झाला असेल किंवा पडून गेला असेल तर वीस वेढे टेप गुंडाळूनही गळणारच. उलट टेपच्या जाडीमुळे फिरकी पूर्ण बसत नाही. नवा वायसर घाला आणि हाताने आवळा. पान्याने आवळलं की प्लास्टिकची फिरकी चिरते. टेपची जागा नळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये बसतो तिथे. खटक्याच्या जोडात ओ-रिंग (गोल रबरी कडी) असते, तिला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा. खोबरेल तेल नको, थंडीत थिजतं.

पुट्टी सुकून दगड होते, पाइप वाकतो. दोघांचं जमत नाही आणि तडा पुन्हा तिथेच. फुटलेला भाग दोन्हीकडून दोन-दोन सेंटिमीटर जास्त धरून सरळ कापा, टोकं मिनिटभर गरम पाण्यात धरा, मऊ झाली की जॉइनर घाला आणि दोन्ही बाजूंना स्क्रूची क्लिप आवळा. बांधायची तार वापरू नये, ती पाइपात रुतून नवी चीर पाडते.

“टॉयलेट क्लीनरमध्ये रात्रभर”

त्यातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड क्षार खातं, आणि मग जस्ताच्या मिश्रधातूची गनही. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर काढायला अर्धा लिटर कोमट पाण्यात एक चमचा सायट्रिक ॲसिड पुरतं. फक्त तोंडाची चकती बुडवा, तीही अर्धा तास. मग जुन्या टूथब्रशने घासा, पाणी उलट्या बाजूने सोडून छिद्रं धुवा. सुई घालू नका. छिद्र एकदा वाकडं झालं की धार कायमची वाकडी जाते.